सगळ्या गल्लीचं विरजण

वैजयंती कोळेकरच्या घरात दोन चुली होत्या, पण त्या भांडणातून झालेल्या नव्हत्या. एका चुलीवर कडब्याच्या पिठाच्या भाकरी व्हायच्या, नवऱ्यासाठी आणि सासूसाठी. दुसरीवर वैजयंतीपुरती ज्वारीची भाकरी. तवे वेगळे, काठवटी वेगळ्या, हात पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. कडब्याच्या भाकरीत ज्वारीच्या पिठाची चिमूट जरी गेली तरी सासूच्या, म्हाळसाआत्यांच्या जिवावर बेतलं असतं.

"माझ्या सासऱ्यानं जातीचं सोवळं मोडायला हयात घातली," आत्या राखेनं हात घासताना म्हणायच्या, "आन् आता ह्ये पोटाचं सोवळं आलं बग. देवाला बी करमत न्हाई सोवळ्याबिगर."

आणखी कुणी जेवणारं नव्हतं. चौथा होता बिरू, आठ महिन्यांचा, आणि तो अजून अंगावर पीत होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं पोर. त्याच्या उष्टावणासाठी वैजयंतीनं पाच महिने आपल्या वाट्यातून मूठ मूठ बाजूला टाकून पावशेर तांदूळ जमवला होता. डबा उतरंडीच्या खालच्या मडक्यात होता आणि ती रोज सकाळी तो हलवून बघायची. त्याचा आवाज ऐकला की तिचा दिवस बरा जायचा.

हिवरगी हे गाव मंगळवेढ्याच्या खाली, ज्वारीच्या पट्ट्यात. चार वर्षांपूर्वीपर्यंत इथली ज्वारी नावाजलेली. मग सलग तीन वर्षं पाऊस हुकला. तसे पाऊस पूर्वीही हुकायचे, बाहेरून धान्य यायचं, लोक तगायचे. या वेळी बाहेरच गोंधळ होता. उत्तरेत गव्हावर नव्या जातीचा तांबेरा पडला. दोन देशांच्या भांडणात समुद्रातल्या वाटा बंद झाल्या. ज्यांच्याकडे साठा होता त्यांनी तो दाबून ठेवला. जगात धान्यच नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. हिवरगीच्या फाट्यावरून धान्याचे ट्रक रोज जायचे, न थांबता, शहरांकडे. शहरात भाकरी मिळेनाशी झाली की सरकार हलतं. हिवरगीत मिळेनाशी झाली की हिवरगीच हलते, गाठोडं बांधून.

अशा वेळी ती कॅप्सूल आली.

गाय चारा पचवते असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. गायीला स्वतःला काडी पचत नाही. तिच्या कोठीपोटात अब्जावधी जंतू असतात, ते काडी फोडून तिचं आम्ल करतात आणि त्या आम्लावर गाय जगते. माणसाच्या पोटात हे कसब असलेले जंतू जवळजवळ नाहीत. शास्त्रज्ञांनी मग माणसाच्या आतड्यात सुखानं नांदणारा एक साधा जंतू घेतला, कोठीपोटातल्या जंतूंचे गुण त्याच्यात उतरवले आणि तो लहान आतड्याच्या शेवटाला वस्ती करील अशी तजवीज केली. मोठ्या माणसाचं आतडं आधीच जंतूंनी गच्च भरलेलं असतं, भरल्या एसटीत नव्या उतारूला जागा मिळत नाही तसं. म्हणून तीन दिवस औषधानं पोट झाडून काढायचं आणि मग तीन दिवस रोज एक कॅप्सूल. एवढं केलं की माणूस कडबा खायला मोकळा. कडबा वाफेच्या दाबात फोडून, वाळवून, दळून त्याचं पीठ करत. त्याची चव ओल्या पोत्यासारखी लागायची, पण पोट भरायचं आणि माणूस उठून कामाला जायचा.

सरकारी नाव होतं तृणान्न योजना. गावानं पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं केलं आणि नाव ठेवलं विरजण. "पोटात विरजण लावलंस का?" असं लोक एकमेकांना हसत विचारायचे. हसायला तेव्हा ताकद आली होती.

खोट एकच होती. पोटात हा जंतू असलेल्या माणसानं भात, भाकरी, असलं पिठूळ काही खाल्लं, की जंतू काडी सोडून त्या पिठावर तुटून पडायचे आणि त्याचं एक वेगळंच आम्ल करायचे. माणसाच्या शरीराला ते लवकर निपटता येत नाही. रक्त आंबतं. माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, जीभ जड होते, श्वास भात्यासारखा चालतो आणि वेळेवर उपाय झाला नाही तर संपतो. गावात याला "दाणा लागला" म्हणत. वैजयंतीला त्यात नवल वाटलं नाही. ती गावच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होती. खळ्यावर सुटलेला बैल ज्वारीच्या राशीत तोंड घालतो, पोटभर खातो आणि दुसऱ्या दिवशी पाय ताणून पडतो, हे तिनं चौदा वर्षांत कितीदा तरी पाहिलं होतं.

म्हणूनच ज्यांनी विरजण घेतलं त्यांची नावं धान्याच्या यादीतून काढून चाऱ्याच्या यादीत गेली. त्यांच्याच सुरक्षेसाठी, असं पत्रकात छापलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण पुढच्या वर्षी हिवरगीत धान्य खाणारे थोडेच उरले म्हणून गावाचा धान्याचा कोटा अर्ध्यावर आला. मग शाळेतली खिचडी बंद होऊन तिथं कडब्याची पेज आली. फाट्यावरचे ट्रक मात्र तेवढेच राहिले, उलट वाढले. वैजयंती हे सगळं बघत होती. बाळंत झाली त्या दिवशी तिनं मनाशी शपथ घेतली की आपलं पोरगं दाणा खाणार.

तिचा नवरा सिद्राम कडब्याच्या भट्टीवर कामाला होता. त्यानं आणि आत्यांनी विरजण घेतलं ते हिच्यासाठीच, म्हणजे घरातलं धान्य हिच्या आणि पोराच्या पोटात जावं म्हणून. त्यामुळे या विषयावर तो फारसा बोलायचा नाही. पण उष्टावणाच्या आठवडाभर आधी तो बोलला.

"वैजू, पोरगं वाळतंय. तुझं दूध आटलंय, मला दिसतंय की. लाव त्येला विरजण. पेज तरी पोटभर पील."

"आन् जन्मभर काय?"

"जन्म ऱ्हायला तर जन्मभर."

"एकदा बसलं की निगत न्हाई ते. ठावं हाय ना तुमाला?"

"म्या खातोय की. मेलो का?"

वैजयंतीनं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या गालाची हाडं वर आली होती, पण डोळ्यांत खोटेपणा नव्हता. तिला त्याची दया आली आणि रागही आला.

"चौदा वरसं गुरं बगतीय मी," ती म्हणाली. "जे जनावर काडीवर जगतं ना, त्येच्या म्होरं पेंड कुणी टाकत न्हाई. माझ्या पोराला काडीवर जगता येतं हे कुणाला कळूच द्यायचं न्हाई मला."

सिद्राम उठून बाहेर गेला. बिरू झोळीत कुरकुरत होता. त्याला पाजायला घेतल्यावर तो थोडा वेळ ओढायचा, मग तोंड सोडून तिच्याकडे बघायचा. ती नजर तिला सोसत नसे.

उष्टावणाचा दिवस बुधवारचा निघाला. मुलग्याचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात. गल्लीत समोरच्या कस्तुराची मुलगी माया सातव्या महिन्यात होती, तिचंही त्याच दिवशी धरलं होतं. कस्तुराचा भाऊ लांबून यायचा म्हणून तिचं दुपारी, बिरूचं सकाळी.

वैजयंतीचा भाऊ धुळाप्पा सायकलवरून आला, खिशात फडक्यात बांधलेला गुळाचा खडा घेऊन. खीर रटरटायला लागली तसा अख्ख्या गल्लीत तिचा वास सुटला. दारात बायका जमल्या. त्यातल्या निम्म्यांना ती खीर तोंडात घालायची सोय नव्हती, तरी त्या जमल्या आणि नाकपुड्या फुलवून उभ्या राहिल्या. कस्तुरानं बिरूच्या कपाळाला कुंकू लावलं. मामानं चांदीची अंगठी खिरीत बुडवली आणि बाळाच्या ओठाला लावली.

बिरूनं जीभ बाहेर काढली, थबकला, आणि मग असा काही हसला की म्हाळसाआत्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. त्यानं दोन चमचे खाल्ले, चार खाल्ले, वाटीकडं झेपावला. "अगं, खाऊ दे की," कस्तुरा म्हणाली, "भुकेलाय लेकरू." वैजयंतीनं अर्धी वाटी खाऊ दिली. गेल्या कित्येक महिन्यांत तिला एवढं सुख झालं नव्हतं.

तासाभरानं बायका पांगल्या. अजून तासाभरानं बिरूची मान कलली.

आधी तिला वाटलं, पोट भरलं म्हणून झोप आली असेल. पण तो झोपत नव्हता. डोळे अर्धे उघडे, नजर कुठंच नाही. तो रडायला गेला तर आवाज ओला, घरंगळणारा आला. धुळाप्पा म्हणाला, "दिष्ट लागली गं वैजे, एवढ्या बायका बगत हुत्या." आत्या मीठ-मोहऱ्या आणायला उठल्या. वैजयंतीनं पोराच्या छातीला कान लावला. श्वास भराभर आणि खोल चालला होता आणि तोंडाला आंबूस वास होता.

तो वास तिच्या ओळखीचा होता. तिनं पोराचं दुपटं सोडलं, दवाखान्याच्या पिशवीतली लिटमसची पट्टी काढली आणि त्याच्या शीला लावली. निळी पट्टी बघता बघता तांबडी झाली.

"दाणा लागलाय," ती म्हणाली. स्वतःचंच बोलणं तिला पटेना. "ह्येला दाणा लागलाय."

पुढचे दोन तास तिनं विचार असा केलाच नाही, हातांनी जे येत होतं ते केलं. बिरूला कवटाळून ती दवाखान्यात धावली. अशक्त कोकरांना दूध पाजायची बारीक नळी होती, ती उकळून घेतली. खाण्याचा सोडा वजनाच्या हिशेबानं कोमट पाण्यात विरघळवला. धुळाप्पाला डोकं धरायला सांगितलं आणि नळी पोराच्या घशातून पोटात सारली, तेव्हा धुळाप्पानं तोंड फिरवलं. थेंब थेंब, थांबून थांबून. मधे एकदा बिरूचा श्वास इतका लांबला की तिनं नळी टाकून त्याला उलटा धरला. बैल असता तर तिनं आतापर्यंत आशा सोडली असती आणि मालकाला तसं सांगितलंही असतं.

बारा वाजायच्या सुमाराला श्वास उतरला. मग बिरू रडला. कोरडं, खणखणीत, भुकेलेलं रडणं. वैजयंतीनं पोराला धुळाप्पाकडं दिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

आत्या दारात उभ्या होत्या. मघापासून उभ्या असाव्यात.

"आत्या," वैजयंती म्हणाली, "ह्येच्या पोटात इरजण कसं गेलं?"

"मला काय ठावं बया."

"आत्या."

म्हातारीचा चेहरा हळूहळू ढासळला. "तू कामावर गेलीस की लई रडायचा गं. मग बोट चाटवायची. ताकाचं. नुसतं बोट! त्येनं काय हुतंय?"

मुलांसाठी दुधाची पावडर यायची. दूध म्हणून प्यायली तर चार दिवसांत संपायची, म्हणून गल्लीतल्या सगळ्या बाया तिचं दही लावायच्या आणि भरपूर पाणी घालून घराला पुरेल एवढं ताक करायच्या. दही म्हटलं की विरजण आलं, आणि हे खरं विरजण, चमचाभर जुनं दही.

"इरजण कुणाचं?"

"कस्तुराचं. आपलं नासलं तवा तिनं दिलं. त्येच्या आधी तिचं नासलं तवा आपण दिलं हुतं. तिला ते वरल्या अंगाच्या सुभद्रीकडनं… आता कुणाचं म्हणून सांगू? सगळ्या गल्लीचं एकच हाय की."

वैजयंतीला सगळं लख्ख दिसलं. पत्रकात छापलं होतं की हा जंतू शरीराबाहेर पाव तासात मरतो. शास्त्रज्ञांनी तो हवेत ठेवून पाहिला होता, पाण्यात, मातीत, भांड्यावर. दह्यात ठेवून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं. दही म्हणजे जंतूंना वाढवायचीच जागा. आत्यांच्या पोटात तो होता, सिद्रामच्या होता, निम्म्या गल्लीच्या होता. पाण्याचा टँकर चार दिवसांनी येणाऱ्या गावात परसाकडून आलेले हात कितीसे धुतले जातात? त्याच हातांनी दही लागायचं आणि वाटीतून या घरातून त्या घरात जायचं. शेजारीण मीठ नाही म्हणेल, विरजण कधी नाही म्हणत नाही. मोठ्यांना त्या बोटभर जंतूंनी काही झालं नाही, त्यांची आतडी भरलेली. तान्ह्या पोराचं आतडं मात्र मोकळ्या रानासारखं असतं. जो आधी येईल तो घर करतो. आणि पोर दुधावर आहे तोवर काही कळत नाही. कळतं पहिल्या घासाला.

गेल्या महिन्यात माळावरच्या वस्तीवर दोन पोरं गेली होती. जुलाबानं गेली म्हणून लिहिलं होतं. ती कितव्या महिन्यात होती हे तिला आता आठवलं.

तेवढ्यात सिद्राम भट्टीवरून धावत आला. त्याच्यामागं तृणान्न योजनेचे निरीक्षक तांबोळी होते. महिन्याच्या तपासणीसाठी ते त्या दिवशी गावात आले होते. त्यांच्या हातात श्वास मोजायचं यंत्र होतं. गावाचं त्याला नाव होतं फुंकणी. हे जंतू पोटात एक वायू सोडतात, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासात उतरतो. आकडा दहाच्या आत आला तर माणूस धान्याच्या यादीतला. तीसच्या वर गेला तर चाऱ्याच्या.

वैजयंतीनं त्यांना दह्याचं सांगितलं. तांबोळींनी छोटा मुखवटा बिरूच्या तोंडाला लावला. आकडा चव्वेचाळीस आला.

तांबोळी पोटात माया असलेला माणूस होता. त्यांनी यंत्र बंद केलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "बाई, मी हे लिहीत नाही. ताप आला होता म्हणा. याचं नाव धान्याच्या यादीत राहू दे. त्याच्या वाट्याचं तुम्ही खा, अंगावर दूध तरी येईल."

"पण त्येला धान्य चालणार न्हाई आता. आन् कडब्याचं पीठ?"

"ते चाऱ्याच्या यादीत नाव असेल त्यालाच." त्यांनी मान खाली घातली. "करा काहीतरी. नवऱ्याच्या वाट्यातलं घाला. मी लिहिलं तर नुसतं तुमच्या पोराचं लिहिलं जात नाही, बाई. दह्यातून पसरतंय हे वर कळलं की गल्लीतली सगळी पोरं तपासायचा हुकूम येईल. मग गावातली. मग तालुक्यातली. त्या सगळ्यांचं धान्य जन्मभरासाठी गेलं. तुम्हाला वाटतं, पुन्हा कधी देतील?"

वैजयंतीला मोह झाला. का नाही होणार? तिच्या पोराचं नाव यादीत राहिलं असतं, पुढंमागं कुणी औषध काढलं असतं, शपथ अर्धी तरी टिकली असती. तिनं बिरूकडं पाहिलं. धुळाप्पाच्या खांद्यावर तो बोटं चोखत होता. गप्प राहायला फार काही लागत नव्हतं.

मग वाऱ्याबरोबर गुळाचा वास आला. गव्हाच्या खिरीचा.

"किती वाजलं?" तिनं विचारलं.

"एक," सिद्राम म्हणाला. "कस्तुराकडं बाया जमल्यात. तिचा भाऊ आला."

वैजयंतीनं तांबोळींच्या हातातली फुंकणी हिसकावली आणि धावत सुटली. मागून तांबोळी ओरडत होते, "बाई, चार लोकांत लावलीत तर मला लिहावंच लागेल! बाई, विचार करा!"

कस्तुराचं दार उघडंच होतं. पाटावर तिचा भाऊ, त्याच्या मांडीवर माया, नव्या झबल्यात, डोळ्यांत काजळ. पुढ्यात काशाची वाटी. भावाच्या बोटात अंगठी आणि अंगठी खिरीत.

तो गहू कुठून आला होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सहा महिने कस्तुरा रोज पहाटे फाट्यावर जायची आणि जाणाऱ्या ट्रकमधून सांडलेले दाणे केरसुणीनं गोळा करायची. माती पाखडून, खडे वेचून, एकेक दाणा. कधी पाच मिळायचे, कधी पन्नास. एकदा मागचा ट्रक अंगावर आला होता, तेव्हा मनगट मोडलं ते वाकडंच बसलं होतं.

"थांबा! घालू नका तिला!" वैजयंती ओरडली. "कस्तुरा, पोरीला दाणा लागंल! बिरूला लागलाय. आपल्या दह्यात इरजण हाय, आपल्या सगळ्यांच्या!"

बायका वळल्या. कस्तुराच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"बिरूला दिष्ट लागली म्हणं की. धुळाप्पाच म्हणाला."

"दिष्ट न्हाई गं. ही फुंकणी लाव तिला. एकदा बग."

"फुंकणी?" कस्तुरानं दारातल्या तांबोळींना पाहिलं आणि तिचा आवाज चढला. "साहेबाला घिऊन आलीस व्हय? तुझ्या पोराचं नाव गेलं म्हणून माझ्या पोरीचं बी घालवायला? सकाळी खीर खाताना बरी गोड लागली! माझ्या येळंला इख झालं व्हय गं?" ती भावाकडं वळली. "घाल रे दादा. घाल तिला."

भावानं अंगठी उचलली. अंगठीवरून खिरीचा थेंब ओघळला. मायानं वासानंच तोंड उघडलं.

वैजयंतीनं पुढं होऊन वाटीला लाथ मारली.

वाटी भिंतीवर आपटली. खीर जमिनीवर, पाटावर, मायाच्या झबल्यावर उडाली. वैजयंतीनं भावाचा हात धरून अंगठी आपल्या पदरानं पुसून काढली. या चार वर्षांत गावात चोऱ्या झाल्या होत्या, मारामाऱ्या झाल्या होत्या, पण अन्नाला कुणी पाय लावला नव्हता. आणि मग मागं उभी असलेली एक म्हातारी, धान्याच्या यादीतली, खाली बसली आणि जमिनीवरची खीर बोटानं निपटून तोंडात घालायला लागली. तिच्या शेजारी दुसरी बसली.

कस्तुरा वैजयंतीवर धावून गेली. तिनं केस धरले, वाकड्या मनगटाच्या हातानं तोंडावर, पाठीवर, जिथं बसेल तिथं मारत राहिली. "सहा महिनं गं, सहा महिनं!" एवढंच ती म्हणत होती. वैजयंतीनं हात वर केला नाही. सिद्राम सोडवायला आला तर तिनं त्यालाही मान हलवून थांबवलं. मार खाताना ती एकाच गोष्टीकडं कान देऊन होती. माया रडत होती. मोठ्यानं, स्वच्छ, तोंडचा घास गेलेल्या पोरीचं रडणं.

कस्तुराचे हात थकले. ती जमिनीवरच बसली. वैजयंती तिच्यासमोर बसली, फुटलेला ओठ पुसला आणि फुंकणी पुढं केली.

"तूच लाव," ती म्हणाली. "दहाच्या आत आकडा आला तर मी जन्मभर माझ्या वाट्याचं धान्य तुझ्या दारात आणून टाकीन. बिरूची आण."

कस्तुरानं यंत्र घेतलं. मग पोरीला मांडीवर घेतलं, झबल्यावरची खीर आपल्या पदरानं टिपली आणि मुखवटा तिच्या तोंडाला लावला. रडणाऱ्या पोरीचा श्वास चांगला भरला. आकडा चढत गेला. दहा, एकोणीस, तीस. अडतीसवर थांबला.

तो आकडा कस्तुराला वाचता येत होता. कडेवर पोरं घेऊन दारात उभ्या असलेल्या तीन बायकांनाही येत होता. त्यातल्या एकीनं आपल्या पोराला छातीशी घट्ट धरलं आणि मागं सरली.

तांबोळी उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी वैजयंतीकडं बघितलं. लिहावंच लागेल म्हणाले होते, तरी अजूनही ती नाही म्हणाली असती तर ते मुकाट्यानं गेले असते.

"लिवा साहेब," वैजयंती म्हणाली. "आधी माझ्या पोराचं. बिरू सिद्राम कोळेकर."

त्यांनी लिहिलं. मग मायाचं लिहिलं. खाली बसलेल्या म्हाताऱ्यांची बोटं थांबली होती.

कस्तुरा पोरीला थोपटत होती. माया थांबत नव्हती. ती आईचं नाक, हनुवटी, पदराचं टोक, जे हाताला येईल ते तोंडात घालू बघत होती. कस्तुरानं मान वर केली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, काहीच नव्हतं.

"मग आता हिला काय घालू गं, वैजे?"

वैजयंतीनं खिरीनं ओलं झालेलं पदराचं टोक मायाच्या तोंडापासून दूर केलं.

"कडबा," ती म्हणाली.